नुसत्या बसणाऱ्या बाईची तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे. हसू नका! तीन पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा जीव. पण मित्रांनो, आज मी इतकी चिडले आहे की चौथा पाय असता तर कुणाला तरी लाथच घातली असती.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि आपल्या धाकट्या बहिणीला दिलं. ती भिंतींवर चित्रं काढायची. सगळे तिला चित्रकारमावशी म्हणत. तिची एक खोड होती. नवी भिंत मिळाली की आठ दिवस ती रंगाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडायची नाही. मला समोर टेकवायची, बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहायची. मग चित्र पाहून लोक म्हणायचे, "अगंबाई, हे तर आपणच!" तेव्हा माझी फळी फुगायची, आणि ती काही ओल लागून नव्हे!

गेल्या वर्षी तिला शाळेसमोरच्या नगरपालिका कचेरीची भिंत मिळाली. सातव्या दिवशी मोठे साहेब बाहेर आले.

"मावशी, भिंत रंगवायला बोलावलंय, ऊन खायला नाही."

"बघतेय, साहेब."

"काय बघायचंय त्यात? रस्ता आहे. मी रोज बघतो."

रोज बघत होते म्हणे! मग दिसलं का नाही? रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे कचेरीच्या दारात, आणि त्यांवर साहेबांची गाडी. शाळेचं फाटक चाळीस पावलं पुढे, ऐन वळणावर. मधे उघडं गटार. मग मुलं वळणावरच एकमेकांचे हात धरून धूम ठोकायची.

मावशीने तेच काढलं. पट्ट्यांवर गाडी, वळणावर मुलं, आणि एक पाय रस्त्यावर टाकून थबकलेली एक मुलगी.

"हे काय भलतंच? फुलपाखरं काढा!" साहेब कडाडले.

"आठ दिवसांत एकही आलं नाही हो. आलं असतं तरी पट्ट्यांवरून नसतं गेलं."

दुसऱ्या दिवशी एका माणसाने चित्रावर चुना फासला. उभा कशावर राहिला? माझ्यावर! पंचवीस वर्षं मी तिला बघायला बसवलं आणि तिचं चित्र पुसायला उंचीही मीच दिली. त्यामुळे पहिला राग माझा मलाच येतो.

दोन महिन्यांनी शाळा सुटताना त्या वळणावर टेम्पोने चौथीतल्या एका मुलीला उडवलं. जीव वाचला, हात दोन ठिकाणी मोडला. कचेरीत बैठक बसली. साहेब म्हणाले, "कुणाला कल्पना होती हो?"

चुना फासल्यापासून मी कचेरीतच कोपऱ्यात, अंगावर चुन्याचे थेंब घेऊन उभी होते. कल्पना? अहो, भिंतभर काढून दाखवली होती! डोळे काय, सगळ्यांनाच असतात. दिसायला मात्र थांबावं लागतं, आणि थांबणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणता!

तेवढ्यात मावशी आत आली आणि तिने मला काखोटीला मारलं.

"पुन्हा काढताय का चित्र?" साहेबांनी विचारलं. "हवं ते काढा."

"आधी पट्टे हलवा."

"त्याला ठराव लागतो. वेळ जाईल."

"जाऊ दे."

तिने मला वळणावर टेकवलं आणि बसली. शाळा सुटली की उठून हात आडवा धरते, गाड्या थांबवते, पुन्हा बसते. चौथ्या दिवशी साहेब आलेच. "किती दिवस नुसत्या बसणार?"

"तुम्हाला दिसेपर्यंत."

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. एक पाय खाचेत सैल होऊन डुगडुगतो, तिथे कागदाची घडी सरकवा, बास. पण कुणी असं बसून बघत असेल, तर त्याला हाकलू नका. शेजारी टेका आणि विचारा, "काय दिसतंय?"

काल त्या हात मोडलेल्या मुलीची आई आली. बराच वेळ उभी होती. मावशीने उठून तिला माझ्यावर बसवलं. ती वळणाकडे बघत राहिली. माझा डुगडुगता पाय मी घट्ट रोवला. आता मला इथून उचलूनच दाखवा!