पांढरा कठडा

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी माझे तुमच्याशी बिलकूल पटत नाही. मी नगरपालिकेच्या कोठारात पडलेला मापाचा डबा. पत्र्याचा, गंजलेला, कान तुटलेला.

पटकीच्या साथीत एका पत्रेवाल्याने मला घडवले. तेव्हाच्या आरोग्य निरीक्षकाने पाणीवाल्याला बजावले, "बाजारातल्या विहिरीत रोज सकाळी तीन डबे ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत कालवायची, मग वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं." अकरा वर्षे आम्ही दोघांनी ते इमानाने केले. गावात पटकी फिरकली नाही. कौतुक मात्र निरीक्षकाचे झाले. आमच्या वाट्याला कुरकुर.

सर्वांत मोठा आवाज चहावाल्याचा. "अरे बाबा, चहाला औषधाचा वास मारतो. गिऱ्हाईक पळतंय माझं. जरा हात आखडता घे की!"

पाणीवाला भिडस्त. त्याने तिनाचे दोन केले, दोनाचा एक. शेवटी तो एक डबाही नुसता कठड्यावर भुरभुरवू लागला. कठडा पांढरा दिसला की नवा निरीक्षक लांबूनच मान डोलावून सही ठोकायचा. पाणी गोड लागते म्हणून सगळे खूश. चहावाल्याची सहा वर्षांची मुलगी शाळेत जाताना तेच पाणी ओंजळ भरभरून प्यायची. मी रोज तिच्याकडे बघून चरफडायचो, पण डब्याला कोण विचारतो?

मग उलट्या-जुलाब सुरू झाले. मुलगी दोन दिवसांत गेली.

पाणीवाला मला हातात घेऊनच चहावाल्याच्या दारात गेला. "दादा, मी पावडर कठड्यावर टाकत होतो. पाण्यात नाही."

चहावाला त्याच्या अंगावर धावून जाईल असे मला वाटले. तो उंबऱ्यावरच बसला. "मीच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

तीन डबे पुन्हा पाण्यात पडू लागले, साथ ओसरली. महिना झाला नाही तोच शेजारचा शिंपी पाणीवाल्याला म्हणाला, "आता कशाला एवढं औषध? जरा कमी टाक." मला तुमचा राग येतो तो यासाठी.

आता तुमच्या घरी नळ आहेत. पाण्याला औषधाचा वास आला तर ओरडू नका. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी पालिकेत जाऊन जाब विचारा. चहावाला पुढे रोज सकाळी विहिरीवर येऊन विचारायचा, "तीन टाकलेस ना?" पण मुलगी गेल्यावर.