सूर्याचे डाग

बंदरावरच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध जुना रेडिओ आणि त्यामागे डोळे मिटलेले बिनतारी महाराज. लघुलहरींवर दूरदेशीची बाई बातम्या वाचत होती. भरदुपारी तिचा आवाज बुडाला, नुसती खरखर उरली. महाराजांनी झटकन हात वर केला.

"सूर्यानं दार उघडलं! बुडालेले श्वास घेतायत, ऐका!"

ताई पुढे सरकली. तिचा नवरा बोटीसकट समुद्रात गेला होता. "अहो, मी आलेय हो... महाराज, हे माझ्याशी बोलत का नाहीत?"

"डाग आहे, माई. डाग उतरव. आणि औषधं कसली घेतेस? जगायचा लोभ सुटला की बोलतील."

भोळी ताई! डाग म्हणजे दागिना समजून तिनं बांगड्या उतरवल्या, आणि त्या भल्या माणसानं तिची चूक सुधारलीही नाही. हृदयाच्या गोळ्या तर तिनं त्याच दिवसापासून सोडल्या. शेजारी बसलेली धाकटी बहीण, शाळेतली विज्ञानाची बाई, दातओठ खात राहिली.

ताईचे पाय सुजले, धाप लागू लागली. धाकटीनं तिला घरीच अडवलं आणि दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडलं. त्यावर काळे ठिपके होते.

"हे डाग सूर्याचे, ताई. तुझे नव्हेत. तिथं चुंबकाच्या रेषांना पिळलेल्या धुण्यासारखा पीळ बसतो, तापलेला वायू त्यांच्यावरून धावतो. पीळ तुटला की भडका उडतो. त्याचे किरण इथं पोचले की वरची हवा बिघडते आणि लघुलहरी तिथंच जिरतात."

"महाराजांना आधी कळतं ते?"

"कळतंय कसलं! डाग वाढले की वेधशाळा इशारा देते. तो वाचून हा रोज दुपारी माणसं बसवतो. आवाज बुडाला तर हात वर, नाही बुडाला तर कुणाच्या तरी मनात डाग!"

पुढं एका दुपारी स्वयंपाकघरातल्या रेडिओवरही आवाज बुडाला. तिथं महाराज नव्हते. धाकटीनं काटा कुठलंच केंद्र नसलेल्या रिकाम्या जागी नेला, तर तिथंही तीच खरखर.

"म्हणजे हे यात कधी नव्हतेच?" ताईनं विचारलं.

"नव्हते गं."

ताई ओक्साबोक्शी रडली. मग गोळी घेतली. पण फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात ती गेली.

धाकटी गोदामात गेली. महाराज मधाळ हसले. "ये पोरी, आता ताई यातून बोलेल तुझ्याशी."

रेडिओ खरखरत होता. क्षणभर, खरं सांगायचं तर, तिलाही वाटलं, ऐकावं. मग तिनं बटण बंद केलं आणि गर्दीकडे वळली.

"माझी ताई यात नाही. ती गोळ्या सोडल्यानं मेली. गेलेल्या माणसासाठी रडा, पोटभर रडा, पण डोकं गहाण टाकू नका. तुमच्यापैकी कुणाच्या घरी औषध बंद केलंय? उठा, आत्ता जाऊन द्या."

मागच्या रांगेतली एक म्हातारी भिंतीला धरून उठली.