हुडकेश्वरचा कात टाकणारा देव

दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला हुडकेश्वरच्या प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटमध्ये देव कात टाकायचा. साऱ्या गर्दीच्या डोळ्यांदेखत टाकायचा, उगाच ऐकीव गोष्ट नव्हे. हंड्याएवढा गोल काळा धोंडा, अंगभर शेंदूर. मार्तंड महाराज त्याच्यावर तांब्याच्या कलशातून गंगाजल सोडायचे आणि दोन मिनिटांत त्याचा हातभर पापुद्रा सुटून अलगद खाली घसरायचा. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण सीताबर्डीचे दुकानदार दुकानं पोरांवर टाकून येत, सक्करदऱ्याच्या बाया ऑटो भरभरून येत आणि डोक्याला दुपट्टे गुंडाळून उभ्या राहत.

"साप कात टाकते तर तुम्ही पयता," महाराज म्हणायचे. "माहा देव कात टाकते तर तुम्ही तरता. डॉक्टर खडा काढ्याले पोट फाडते. देव खड्यालेच फाडते. काढा पिशव्या."

लगेच पिशव्या निघायच्या. पापुद्र्याचा तुकडा घरी न्यायचा, सहाणेवर उगाळायचा आणि उपाशीपोटी प्यायचा. मुतखड्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यावर हाच इलाज. देव दर आठवड्याला बारीक होत चालला आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण त्याचंही उत्तर तयार होतं. भक्तांची दुखणी अंगावर घेऊन देव वाळत चालला, असं महाराज गहिवरून सांगायचे आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या. देवाचं वजन घटतंय आणि महाराजांचं वाढतंय, याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

पहिल्या रांगेत खुर्चीवर, गळ्यात हार घालून चंद्रभान बसायचा. लेआउट पडायच्या आधी इथं त्याचं सात एकर शेत होतं. आणि हा देव मुळात कोण, हे त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

चाळीस उन्हाळे त्यानं आणि त्याच्या बायकोनं या शेतातले गोटे वेचले होते. दर साली वखराला नवे गोटे लागायचे. जमीन गोटे विते, असं बायको म्हणायची. चंद्रभान हसायचा. पावसानं वरची माती नाल्यात वाहून जाते आणि खालचे गोटे उघडे पडतात, हे त्याला वखरामागे चालून चालून कळलं होतं. वेचलेले गोटे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकायचे. तिथं चार उन्हाळे, चार पावसाळे गेले की तेच गोटे कांद्यासारखे सुटायला लागायचे. पापुद्र्याखाली पापुद्रा, आणि मध्ये टणक गाभा. असा गाभा उघडा पडला की महाराजांना नवा गोटा शोधावा लागणार, हेही त्याला कळत होतं.

मग तो बोलला का नाही? तर हारासाठी. जमीन विकल्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं. ज्या रानात त्याचं आयुष्य गेलं, त्याच्या गेटवर वॉचमन त्याला नाव विचारायचा. महाराजांनी मात्र पहिल्याच गुरुवारी पहिला हार त्याला घातला. याच पुण्यवानाच्या शेतात देव लपला होता, असं सगळ्यांना ऐकवलं. त्या दिवसापासून लोक चंद्रभानच्या पाया पडू लागले. धोंड्याला शेंदूर फासल्यानं कुणाचं काय जातं, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

गेली ती त्याच्या पोरीची किडनी.

गोपिका त्याची एकुलती एक मुलगी, नवऱ्यासोबत जवळच राहणारी. फेब्रुवारीत तिला मुतखडा निघाला. डॉक्टरांनी लवकर काढून घ्या म्हटलं होतं. पण बाप पहिल्या रांगेत बसलेला पाहून तिनं ऑपरेशन पुढं ढकललं आणि रोज सकाळी सहाणेवरचं ते लालसर पाणी पिऊ लागली. चार महिन्यांनी तिचे पाय सुजले, लघवी अडली, तेव्हा दवाखाना आठवला.

डॉक्टर वैदेही मॅडमनी चंद्रभानला गोपिकाच्या खाटेपाशीच बसवलं. खडा अडकून राहिल्यामुळं उजवी किडनी गेली होती, वेळेत काढला असता तर वाचली असती. "आणि डावी या शेंदरानं खराब होतेय," गोपिका उगाळत होती त्या पापुद्र्याचा तुकडा हातात धरून त्या म्हणाल्या. "यात शिसं आहे. रोज पोटात गेलं की ते आतून किडनी खातं. कशावर फासला होता हा?"

"गोट्यावर," चंद्रभानच्या तोंडून निघून गेलं. "माह्या धुऱ्यावरचा गोटा तो."

गोपिकानं मान वळवली. "म्हणजे तुमाले मालूम होतं, बाबा?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

त्यानं मान डोलावली. ती भिंतीकडं तोंड करून निजली आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिच्या घरी जाऊन त्यानं सहाण धुवायला घेतली. थंड पाण्यानं लाल डाग निघेना, म्हणून गरम पाणी ओतलं. पाण्यावर लाल तवंग आला आणि निवल्यावर नखानं खरवडता येईल असा घट्ट झाला. मेण होतं ते. शेंदरात मेण कालवलेलं होतं. चंद्रभान तिथंच मोरीपाशी बसून राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी तो आला तो खांद्यावर सब्बल, म्हणजे पहार, आणि घमेल्यात जुन्या धुऱ्यावरचा एक गोटा घेऊन. खुर्चीवर बसला नाही. महाराजांनी कलश उचलायच्या आत त्यानं त्यात बोट बुडवलं.

"गंगाजल इतकं गरम काहून गा, महाराज?"

देवाची परीक्षा घेणारा भस्म होतो, असं महाराज म्हणाले. चंद्रभाननं इंदूबाईंना, सक्करदऱ्याच्या एका जुन्या भक्तिणीला, माठातलं पाणी देवावर ओतायला सांगितलं. त्यांनी भीत भीत तांब्याभर ओतलं. देव हलला नाही. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला, तरी काही नाही. मग त्यानं कलशातलं गरम पाणी ओतलं आणि पापुद्रा नेहमीसारखा घसरला. त्याची आतली बाजू त्यानं सगळ्यांना दाखवली. तिला मेणाचा लाल थर होता. पापुद्रा आधीच सोलून मेणाच्या शेंदरानं परत चिकटवला होता.

मग त्यानं घमेल्यातला गोटा जमिनीवर ठेवून सब्बल मारली. एक पापुद्रा सुटला. दुसरा सुटला. पाचवा सुटला तोवर मागची माणसं पुढं सरकली होती.

"याले शेंदूर नाही, मंतर नाही," तो म्हणाला. "ऊन लागते, गोटा फुगते. गार झाला का आकसते. चिरीत पाणी जाते, आतून दगड सडवते. असे पापुद्रे सुटून मुरूम होते, मुरमाची माती होते, अन् माती पावसासंगं नाल्यात जाते. हजारो वर्षं हेच होऊन राहिलं. तुमच्या घराखालची जमीन अशीच झाली."

महाराज तोवर गाडीत बसून निघून गेले होते. इंदूबाई मात्र खाली वाकल्या आणि चंद्रभानच्या गोट्याचे तुकडे पिशवीत भरू लागल्या. हे तुकडे बिनशेंदराचे आहेत, म्हणजे चालतील, असं त्या शेजारणीला म्हणाल्या.

चंद्रभाननं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेवढ्यात मागून बाबाराव, सीताबर्डीचा कापडवाला, म्हणाला, "काकाजी, आमी तर तुमच्याकडं पाहूनच इथं येत होतो. चार महिने तुम्हीच समोर बसले होते."

"बसलो होतो," चंद्रभान म्हणाला. "हारासाठी. माही गोपिका दवाखान्यात पडून आहे. एक किडनी गेली, दुसरीचा भरवसा नाही. पोरगी माह्याशी बोलत नाही. तुमी माह्याकडं पाहून आले, पोरगीही माह्याकडं पाहूनच ते पाणी पेली. म्हणून सांगतो, आता माह्यावरही भरवसा ठेवू नका. घरी जा, असाच गोटा घ्या, गरम पाणी टाका, थंड टाका, आपल्या डोळ्यानं पाहा. दुखलं तर डॉक्टरकडं जा. अन् ज्याले खरं मालूम आहे त्यानं पहिल्याच गुरुवारी बोला. मी आज बोललो. लय उशीर झाला."