परत जाणार का, असं विचारलं तर

"मुलाखतीत शेवटी ते विचारतील, वर्ष संपल्यावर परत जाणार का?" विभागप्रमुख सर मला पुन्हा पुन्हा बजावत होते. "तू नाही म्हणायचं. इथंच राहून संशोधन करायचंय, असं सांगायचं. आगाऊपणा नको."

"पण मी परत येणारच आहे, सर."

"ते मनात ठेव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरकारी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते आणि यंदा पहिली आले. देशातल्या सगळ्यात मोठ्या वनस्पती संस्थेत वर्षभर काम करायची संधी दरवर्षी एकालाच मिळते. स्वतःचं टेबल, स्वतःचा मायक्रोस्कोप, राहायची सोय. मला ती जागा हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. पण सर आमच्याकडून कुणाचं नाव पाठवायचेच नाहीत. "मुलांचा हिरमोड होतो," म्हणायचे. माझं पाठवलं, ते मी त्यांच्या दारात ठिय्या दिला म्हणून. इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, असं मी घरी आत्याला सांगितलं. मला लहानाचं मोठं केलं ते तिनेच. ती लोकांचे कपडे शिवते. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "जाताना जीभ माझ्याकडे ठेवून जा. आलीस की परत देते."

आमच्या प्रयोगशाळेत धड चालणारा मायक्रोस्कोप एकच. बाकीचे कपाटात शोभेला. म्हणून आमची रीत ठरलेली: डोळा लावायचा, नीट बघायचं, उठायचं आणि बाजूच्या टेबलावर जाऊन चित्र काढायचं. तोवर दुसरा बसतो. चित्र काढताना काही अडलं तर पुन्हा रांगेत. कुणी जास्त वेळ चिकटून बसला, तर मागचे खुर्चीसकट त्याला ओढतात. या रीतीचं आम्हाला काही वाटत नाही. उलट, बघायचं तर एकाच बैठकीत सगळं बघायचं, ही आमची ऐट.

संस्थेतली परीक्षा मोठ्या, थंडगार खोलीत होती. प्रत्येकाला वेगळा, नवाकोरा मायक्रोस्कोप. खाली एकाच खोडाच्या कापाची स्लाइड. ओळखा आणि चित्र काढा. मी डोळा लावला, भरपूर वेळ बघितलं, आणि उठून खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर चित्र काढायला बसले. सवयच ती. माझ्या मागे कुणी उभं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शंका आली म्हणून परत गेले, तर स्लाइड गायब. देखरेखीच्या बाईंनी ती उचलून डब्यात ठेवली होती.

"तू उठलीस ना? मला वाटलं, सोडून दिलंस."

"सोडलं नाही. आमच्याकडे बघून झालं की उठतात. मागच्याला बसायचं असतं."

शेजारचा मुलगा खुदकन हसला. बाईंच्या चेहऱ्यावर कीव आली, आणि मला ती हसण्यापेक्षा जास्त झोंबली. "अगं, तुझा काय दोष? तुमच्याकडे सोयीच नसतात. तुमच्यासारख्यांसाठी आमचं छोटं शिबिर असतं, त्याला ये."

"शिबिर नको. स्लाइडही नको," मी म्हणाले. "चित्र झालंय. ते तपासा." शंका तशीच ठेवून मी कागद दिला आणि बाहेर येऊन बसले. रडले नाही. त्यांच्या व्हरांड्यात तर मुळीच रडणार नव्हते.

मुलाखतीला तिघे होते. मधल्या म्हाताऱ्या बाई मुख्य. त्यांच्यासमोर माझं चित्र होतं. एका कडेला त्यांनी बोट ठेवलं. "हे असं वेडंवाकडं का?"

"काप तिथं फाटलाय. पातं बोथट असणार."

"बाकी सगळ्यांनी पूर्ण गोल काढलंय."

"त्यांनी पुस्तकातलं काढलं असेल. मी दिसलं ते काढलं."

त्या हसल्या नाहीत. शेजारच्यांना चित्र दाखवलं, आणि तिघे थोडा वेळ आपसात कुजबुजले. मग तो प्रश्न आलाच. "इथं वर्षभर शिकून परत तिथंच जाणार?"

सरांचं उत्तर ओठांवर तयार होतं. एवढंसं 'नाही' म्हटलं की झालं. मला ते म्हणावंसंही वाटलं, ते कशाला लपवू? पण त्या म्हाताऱ्या बाईंनी 'तिथंच' हा शब्द असा उच्चारला होता, की जणू मी एखाद्या खड्ड्यातून वर आले होते.

"हो, परत जाणार. ज्या चित्राबद्दल तुम्ही विचारताय, ते काढायला मी तिथंच शिकले."

"आम्ही इथं राहणाऱ्यांना पसंती देतो."

"मग मला घेऊ नका. पण चित्र चुकलं म्हणून घेतलं नाही, असं कुणाला सांगू नका."

घरी आल्यावर आत्याने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "जीभ नेलीसच शेवटी!" मग ताटात वाढलं, आणि मी जेवताना शेजारी बसून राहिली. एरवी ती शिलाई सोडून बसत नाही.

निकाल विभागात फोनवर आला. सरांनी मला बोलावलं.

"तुला घेतलं," ते म्हणाले. "नाही म्हणालीस ना?"

"हो म्हणाले, सर. परत जाणार म्हणाले."

ते खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "मीही तिथं हेच म्हणालो होतो. तुझ्याच वयाचा असताना. मला घेतलं नाही. त्या एका वाक्यामुळेच जागा गेली, असं मला वाटत आलं. म्हणून आजवर..."

मी भित्रा म्हटलेला माणूस समोर बसला होता, आणि तो एकदा माझ्याइतकाच धीट होता. मला त्यांचा राग येईना, म्हणून मला जास्तच राग आला, पण आता तो त्या संस्थेवर होता. एका नकारानंतर त्यांनी इतक्या मुलांना घरीच बसवलं, आणि तिकडे कुणाला त्याचा पत्ताही नाही.

"सर, तुम्हाला घेतलं नाही हे त्यांचं चुकलं," मी म्हणाले. "आणि नंतर तुम्ही आमची नावं पाठवली नाहीत, हे तुमचं."

बाहेर वर्ग सुटला होता, दारासमोरून मुलं दंगा करत चालली होती. मला वाटलं, आता सर रागावतील. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि मी त्यांचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"अरे, थांबा सगळे! पुढच्या वर्षी तिकडे कुणाकुणाला जायचंय?"