थर्मोकोलचा पाया

हिरालालच्या शेतात पायव्याच्या खड्ड्याशेजारी थर्मोकोलचे पोकळ ठोकळे उतरले, तेव्हा जागेश्वर मिस्त्रीला हसू आवरेना. उभी हयात त्याने दगड-विटांत काढलेली. आणि आता बियाण्याच्या धानासाठी अर्धं जमिनीत, अर्धं वर असं थंड गोदाम उभं राहणार, ते टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलवर!

"म्याडम, याले तर उंदीर बी पोखरून टाकते."

दुर्गेश्वरी गोंदियाची इंजिनीअर. ती चिडली नाही. "भाऊ, भिंत आतल्या सळई-काँक्रीटची. थर्मोकोल म्हणजे साचा. तो काढायचा नाही, बाहेरची गरमी तोच अडवेल. वरून प्लास्टर आहेच."

मग तिने पातळी मोजायची पाण्याची नळी धरून खड्ड्यातला काँक्रीटचा तळ तपासला. एका कोपऱ्यात बोटभर फरक निघाला. जागेश्वर म्हणाला, वरच्या थरात दाबून टाकू. ती ऐकेना. तळ छिनीने तासून सारखा झाला, तेव्हाच पहिला ठोकळा बसला. जोडावर जोड येऊ द्यायचा नाही, हे विटांसारखंच होतं. तेवढं जागेश्वरला पटलं. पण ठोकळ्यांना बाहेरून इतके टेके, आणि शिवाय प्लायचे तुकडे कापून ठेवलेले?

"हे कायले?"

"भरताना ठोकळा फुटला तर," ती म्हणाली.

काँक्रीटचा पंप आला तो घाईतच. पंपवाला भूपेंद्र एकसारखा हायवेकडे बघत होता. दुसरीकडे त्याची वाट बघत होते. "एका दमात भरून देतो ना!"

"नाही. दोन हात थर, पूर्ण चक्कर, मग दुसरा थर."

पहिली चक्कर नीट झाली. दुसरीत दुर्गेश्वरी पलीकडे सळई बघायला वळली आणि भूपेंद्रने पाइप एकाच कोपऱ्यात धरून माल सोडला. कडकड आवाज झाला. ठोकळा पोटासारखा फुगला, फटीतून काँक्रीट बाहेर येऊ लागलं.

"पंप बंद!" ती ओरडली, तेवढं एकदाच. मग आवाज खाली. "भाऊ, वरून माल काढा. मी प्लाय लावते." घमेल्यांनी माल उपसला, फुगलेला ठोकळा मागे दाबला, प्लायवर स्क्रू आवळले, दोन टेके आणखी दिले. ती चिखलात गुडघे टेकून ओळंबा बघत होती. भिंत सरळ आली, तसं तिने स्वतः पाइप धरला. भूपेंद्र आता तिच्या इशाऱ्यावर पंप चालवू लागला.

दोन दिवसांनी हिरालाल ट्रॅक्टर घेऊन आला. मोकळा होता, तर भिंतीलगत माती लोटून घ्यावी म्हणे. दुर्गेश्वरी गोंदियाला गेलेली. जागेश्वर ट्रॅक्टरसमोर उभा राहिला.

"भाऊजी, आता नाई. म्याडम सांगून गेल्या, आधी भायेरून पानी अडवाचा पडदा लागन, खाली पान्याले वाट, वर स्लॅब. नाई तं माती भिताडाले आत ढकलन."

"तू काऊन तिची बाजू घेऊन राहिला? तूच तं हसत होता."

"हसत होतो. मंग पायलं नं मी तिचं काम."

हिरालालने ट्रॅक्टर वळवला.

गोदाम बांधून झालं. पुढे उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आणि गोदामाभोवतीच्या धानाच्या बांध्या पाण्याने काठोकाठ भरल्या. जागेश्वर पायऱ्या उतरून आत गेला. बाहेर अंग भाजत होतं. आत फरशी कोरडी, हवा गार. भिंतीवरून त्याने तळहात फिरवला. मग दुर्गेश्वरीला फोन लावला.

"म्याडम, पुढचं काम कुठी हाय? मले बलावा. शिकाचं हाय."