काकू मला पाचवर ठेवून गेल्या

माझ्या मानेमागे पंख्याला असतो तसा रेग्युलेटर आहे. शून्य ते पाच. स्वतःच्या हाताने तो नुसता गरगरतो, लागत नाही. दुसऱ्यालाच फिरवावा लागतो. मी एकटा राहतो, म्हणून फ्लॅटच्या जादा किल्लीबरोबर हेही काम समोरच्या पेंढरकर काकूंकडे दिलं आहे.

काकू सकाळी मला तीनवर करतात, झोपताना एकवर. एकवर खोली लांबत जाते. पलंगावरून निघालेला माणूस ओट्यापाशी पोचेपर्यंत चहाची तल्लफ गेलेली असते. पाचवर उलटं. जे ऐकू येतं, ते जवळ येतं.

आज काकू लेकीकडे इंदूरला गेल्या. लवकर उठून रिक्षा आणायची म्हणून त्यांनी मला पाचवर केलं होतं. रिक्षा आणली. काकू गेल्या. मी पाचवरच.

दुपारी तळमजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि कुकर माझ्या मांडीवर येऊन बसला. फ्रीजमधलं दूध नासत असलेलं ऐकू आलं, तसा फ्रीज गुडघ्याला टेकला. मग भिंतीतल्या मुंग्या ऐकू आल्या. भिंती सरकल्या.

मी काकूंना फोन लावला.

"अगं बाई! गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, देवांना सांगून निघाले. तूच तेवढा राहिलास बघ."

"भिंती खांद्याला लागल्यात, काकू."

"मग शेजारी सांग ना कुणाला! इतकी वर्षं राहतोयस, एक माणूस ओळखीचं नाही?"

"आहे ना. तुम्ही."

"मी इंदूरला आहे रे, नचिकेत."

इलेक्ट्रिशियनला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "साहेब, आम्ही फक्त भिंतीवरचे बघतो."

आता खोलीत मी किंवा खुर्ची, एकच काहीतरी मावत होतं. मी खुर्ची घेऊन बाहेर आलो. दार मागे मिटलं, पाकिटासारखं.

काकूंचं सोडून मजल्यावरची सगळी दारं उघडी होती. प्रत्येक दारात एक खुर्ची, तिच्यावर कॉलर खाली ओढून पाठमोरा बसलेला माणूस. हे शेजारी मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळे पाचवर.

"कुणी आहे का?" मी विचारलं.

"कुणी आहे का?" सगळ्यांनी विचारलं.

कुणी मागे वळलं नाही. मीही पुढच्या दारातल्या माणसामागे खुर्ची मांडली, कॉलर खाली ओढली आणि त्याच्या मानेकडे हात नेला. तेवढ्यात माझ्या मानेला मागून बोटं लागली. गार होती. रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो, ते चाचपत होती.