बिंगदादाचं बोट

सेकलामनं मनगटाचं हाड तांदळाच्या दारूत बुडवून काढलं, फडक्यानं हलकेच टिपलं आणि लाऊच्या हातात दिलं. अस्थींवर ऊन पडू नये म्हणून दोघांनी उकरलेल्या खड्ड्याशेजारी चादर ताणून बांधली होती. तिच्या सावलीत लाऊ एकेक हाड पत्र्याच्या पेटीत मांडत होता. झोपलेल्या माणसाला सारखं करून निजवावं तसं.

परमुलखात पुरलेल्या आपल्या माणसांच्या अस्थी गोळा करून चीनला, ज्याच्या त्याच्या गावी धाडायच्या, हे लाऊचं काम. आज सेकलामच्या जोडीदाराची, बिंगदादाची पाळी आली होती.

"म्हातारबा, उजव्या हाताचं एक बोट कमी आहे," लाऊ म्हणाला. "कोल्ह्यानं नेलं, की तुम्हीच सूपमध्ये घातलं?"

"नीट बघ."

"बघितलं की! तुम्ही सोन्यासाठी चाळली नसेल एवढी माती चाळली. जाऊ द्या, काडी तासून घालतो. तिकडे कोण उघडून बघतंय?"

"अपुरा माणूस घरी पोचत नाही म्हणतात."

"म्हणतात खरं. पण तक्रार घेऊन अजून तरी कुणी परत आलं नाही."

लाऊनं सुरी काढून काडी सोलायला घेतली. सेकलाम गप्प बसला असता तर निभावलंही असतं. बोट कुठे आहे ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोन्यामागे तो आणि बिंगदादा या डोंगरात आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात नदीकाठची दरड सेकलामवर कोसळली. बिंगदादानं दोराचा फास त्याच्या काखेत अडकवला, दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं आणि त्याला ओढून वर काढलं. दोराच्या पिळात बोट तुटलं.

"एका बोटात अख्खा माणूस मिळाला. स्वस्त पडलास लेका!" पांढराफटक पडलेला बिंगदादा हसत म्हणाला होता. बोट मुरवलेल्या आल्याच्या रिकाम्या बरणीत ठेवताना त्यानं बजावलं होतं, "मी मेलो तरी हे पुरू नकोस. मला गावी नेतील तेव्हा बरोबर दे. तोवर राहू दे तुझ्या चुलीपाशी. तेवढाच ऊन ऊन भात मिळेल."

तो गेल्यापासून बरणीपुढे पहिला घास ठेवल्याशिवाय सेकलामनं तोंडात शीत घातलं नव्हतं. तापानं फणफणलेला असताना नाही, की चाळणीत नुसती रेती उरायची त्या दिवसांतही नाही.

तो उठला. झोपडीतून बरणी घेऊन आला, ती लाऊपुढे ठेवली.

लाऊनं झाकण उघडून आत पाहिलं. हातातली काडी त्यानं गुपचूप बाजूला टाकली.

"कशात गुंडाळायचं?" त्यानं विचारलं. "रेशमाचं कापड आहे का?"

सेकलामनं त्याच्या हातातली सुरी घेतली, पाठीवरची पांढरी वेणी पुढे ओढली आणि मानेजवळून कापली.

"अहो म्हातारबा! हे काय केलंत?" लाऊ ओरडलाच. "बिनवेणीचं तिकडे कोण उतरू देईल तुम्हाला? बादशहाचा हुकूम आहे, मान उडवतील!"

"हळू बोल. दादा झोपलाय."

वेणीत गुंडाळलेलं बोट त्यानं स्वतःच्या हातानं पेटीत, जिथल्या तिथं ठेवलं. मग कपाळ जमिनीला टेकलं. बराच वेळ उचललं नाही. उठला तेव्हा कपाळाला लागलेली माती त्यानं पुसली नाही.

लाऊनं पेटी खेचरावर बांधली आणि फावडं उचललं.

"खड्डा बुजवून जातो."

"राहू दे."

"अहो, पाऊस पडला की तळं होईल."

"वर फळ्या टाकेन. कशाला बुजवतोस? पुन्हा उकरावा लागेल."

लाऊनं एकदा खड्ड्याकडे, एकदा म्हाताऱ्याच्या उघड्या मानेकडे पाहिलं. फावडं खेचराच्या पाठीवर अडकवलं, दोन्ही हात जोडून कमरेत वाकला आणि उताराला लागला.

संध्याकाळी सेकलामनं भात रांधला. वाफाळता वाडगा घेऊन तो बाहेर आला, खड्ड्याच्या काठाशी बसला. पहिला घास त्यानं मातीवर ठेवला.

मग स्वतः जेवायला लागला.